आधी मी, मग आवाज

मित्रांनो, काडेपेटीएवढा माझा जीव. मला जुना रिले म्हणतात. विजेचा बारीकसा इशारा मिळाला, की आतली पट्टी ओढून घ्यायची आणि दुसरीकडची मोठी वीज जोडायची, एवढंच माझं काम.

माझी पहिली ड्युटी भिवंडीतल्या एका लूमवर, म्हणजे यंत्रमागावर होती. ताण्याचा धागा तुटला, की मी लूम थांबवायचो. पुढे कारखाना बंद पडला, लूम भंगारात गेले आणि मालक फखरुद्दीन यांनी मला तेवढं खिशात टाकून घरी आणलं. त्यांना हॅम रेडिओचा नाद होता. रीतसर परवाना काढून ते घरून वायरलेसवर दूरदूरच्या लोकांशी बोलत. आवाज लांब जावा म्हणून टेबलाखाली एक जुना ॲम्प्लिफायर होता. रेडिओने त्याला चालू-बंद करायचं, पण त्याच्या वायरीत शंभरावर व्होल्ट खेळत असत. रेडिओचा नाजूक जीव ते सोसणार नाही, म्हणून त्यांनी मला एका डब्यात बसवून दोघांच्या मध्ये जोडलं. बारा वर्षं मी ते व्होल्ट अंगावर घेतले. त्यांची मुलगी बुशरा माझा डबा पुसून ठेवायची. कौतुक मात्र सगळं ॲम्प्लिफायरचं व्हायचं.

मग त्यांचा मुलगा नोमान नवा, लहानसा रेडिओ घेऊन आला. प्लग थेट बसतोय, मग मध्ये हा डबा कशाला, म्हणून त्याने मला खणात टाकलं. मला राग आला, खोटं कशाला सांगू?

ऑगस्टात पूर आला. बुशरा मदत करणाऱ्यांबरोबर गणेशपुरीच्या पुढच्या एका पाड्यावर अडकली. तिथे मोबाइल बंद होते, तिच्याजवळचा रेडिओ तेवढा चालू होता. दुपारी तिचा निरोप आला. सरू नावाच्या बाईला कळा सुरू झाल्या होत्या. तिचा नवरा जान्या तिला जीपमध्ये घालून खालच्या पुलावरून आणणार होता. थोड्या वेळाने, निरोप ऐकून फखरुद्दीन यांनी पाठवलेल्या अँब्युलन्सचा ड्रायव्हर बाळाराम याचा भिवंडीत फोन आला. खालच्या पुलावरून पाणी वाहत होतं. तो वरच्या रस्त्याला उभा होता.

नोमान माईकमध्ये ओरडून सांगत होता. पण त्याच्या लहान रेडिओचा आवाज तिकडच्या जनरेटरच्या घरघरीत बुडत होता. बुशरा म्हणत होती, काहीच कळत नाही, जीप निघतेय.

नोमानने घाईत ॲम्प्लिफायर चालू केला. त्याची वायर थेट रेडिओला होती. एकदा बटण दाबलं आणि रेडिओतला चालू-बंद करणारा भाग जळाला. बोलण्याचा भाग शाबूत होता, पण ॲम्प्लिफायरला उठवणार कोण? नोमानचा चेहरा उतरला.

फखरुद्दीन यांनी खण ओढला. माझ्या डब्याचं झाकण काढलं आणि ॲम्प्लिफायरची वायर मला जोडली. इशारा देणारं कोणी उरलंच नव्हतं. त्यांनी कारखान्यातली एक लाकडी कांडी उचलली. लाकडातून झटका बसत नाही.

"मी पट्टी दाबतो, मग तू बोल. तू थांबलास की मी सोडतो. उलटं झालं तर ॲम्प्लिफायरपण जाईल."

कांडी टेकली, पट्टी बसली, माझ्या टोकांवर ठिणगी उडाली. नोमान बोलला, "खालच्या पुलावर पाणी आहे. वरच्या रस्त्याने या. अँब्युलन्स तिथे उभी आहे." तो थांबला, कांडी उठली. पलीकडून नुसती खरखर. पुन्हा दाबलं, पुन्हा सांगितलं. पुन्हा खरखर. मित्रांनो, इतकी भीती मला कधी वाटली नव्हती.

चौथ्या खेपेनंतर एका पुरुषाचा धापा टाकणारा आवाज आला. "मी जान्या. बुशराताई जीपच्या मागं धावली. जीप वळवली हाय, ह्ये सांगाया मी माघारी पळत आलो. सरू बरी हाय."

फखरुद्दीन यांनी कांडी खाली ठेवली आणि तोंडावरून हात फिरवला. संध्याकाळी बाळारामचा फोन आला, मुलगी झाली होती.

आता रेडिओ दुरुस्त झालाय आणि मी पुन्हा मध्ये आहे. माझी टोकं काळी पडलीत, ती मुद्दाम घासली नाहीत. नवं यंत्र जरूर आणा, मित्रांनो. पण जुनं काढण्याआधी ते तिथे कशासाठी होतं, एवढं कुणाला तरी विचारा. माझ्या झाकणावर नोमानने स्वतःच्या अक्षरात लिहिलंय, "विचारल्याशिवाय काढू नये." खाली सरूच्या मुलीची जन्मतारीख आहे.