लक्षाला कुलूप

मालिकांमधले संवाद ऐकायचे आणि ऐकू न येणाऱ्यांसाठी ते पडद्याखाली अक्षरांत उतरवायचे, हे त्या कचेरीचं काम. तिथली सगळ्यांत धाकटी म्हणून तिला सगळे चिमणी म्हणायचे. चिमणीला मोबाईलचा भारी नाद. दोन ओळी लिहिल्या की हात आपसूक तिकडे वळायचा. शेवटी स्वतःवरच वैतागून तिने एक अ‍ॅप घेतलं. सकाळी आपणच बटण दाबायचं, की जेवणाच्या सुट्टीपर्यंत मोबाईलच्या सगळ्या गमतीजमती बंद. तिचं काम असं सुधारलं की साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "काय जादू केलीस?"

तिने भोळेपणाने सांगून टाकलं, आणि तिथेच माशी शिंकली.

थोड्याच दिवसांत सगळ्यांच्या संगणकांवर तसलंच अ‍ॅप बसलं. फक्त बटण साहेबांच्या खोलीत. शब्दकोश बंद. अडलेला शब्द एकमेकांना विचारायचा गट बंद. वर भिंतीवर मोठा पडदा: कोणाचं लक्ष किती टक्के. बोटं थांबली की टक्के घसरले. संवाद मागे नेऊन पुन्हा ऐकला, तर तोही 'वाया गेलेला वेळ'.

सगळ्यांत जास्त हाल काकांचे. काका शेजारच्या टेबलावर बसायचे, निवृत्तीला आलेले. चिमणीला काम त्यांनीच शिकवलेलं. डोळे मिटून एकेक वाक्य पुन्हा पुन्हा ऐकायची त्यांची पद्धत. आता त्यांचं नाव पडद्याच्या तळाला, तांबड्या अक्षरांत. येणारा-जाणारा वाचणार. शेवटी त्यांनी मागे जाणं सोडलं आणि कानावर पडेल ते बडवत सुटले.

मग एके दिवशी रडणाऱ्या नायिकेखाली उमटलं, "आता माझा दीर सुटला!" बाई म्हणाली होती, "धीर". त्यात मालिकेतला दीर खरंच तुरुंगात. प्रेक्षक बिचारे त्याची वाट बघत बसले आणि मग तक्रारींवर तक्रारी.

बैठकीत साहेब हसून म्हणाले, "काका, जरा कान तपासून घ्या!"

दोघं-तिघं हसले. काकांनी मान खाली घातली. चिमणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"कान कशाला? ते अ‍ॅप तपासा! काका पुन्हा ऐकायचे, म्हणूनच त्यांच्या चुका होत नव्हत्या. आता पुन्हा ऐकलं की तुम्ही टक्के कापता."

"अगं, कल्पना तुझीच ना? तुझं काम सुधारलंच की."

"मी माझ्या मोबाईलला कुलूप घातलं, साहेब, आणि किल्लीही माझ्याकडेच होती. तुम्ही आमच्या कामालाच घातलंत! आणि माझे टक्के सगळ्यांत जास्त का, सांगू? शब्द अडला की मी नुसती एकच कळ दाबून धरते. मग सगळं पुसते. चुका आधीपेक्षा वाढल्यात माझ्या."

मागून कोणीतरी पुटपुटलं, "मीही तेच करतो." आणखी एक हात वर झाला. मग आणखी एक.

साहेबांचा चेहरा उतरला. "बघू, विचार करू," म्हणत त्यांनी बैठक गुंडाळली.

दुसऱ्या दिवशी भिंतीवरचा पडदा काळा. शब्दकोश आणि गट उघडले. कारण काय, तर म्हणे 'तांत्रिक बिघाड'! काकांबद्दल मात्र एक अक्षर नाही.

चिमणी तडक साहेबांच्या दाराकडे निघाली. काकांनी कानावरचा हेडफोन सरकवला.

"सोड गं पोरी. काम नीट सुरू झालं ना? पुरे."

"तुम्हाला पुरत असेल, काका. साहेब सगळ्यांसमोर हसले, आता सगळ्यांसमोर चुकलो म्हणतील," ती म्हणाली आणि दार न वाजवताच आत शिरली.