पिंजऱ्यातलं फाइव्ह एस

सृष्टीला कुत्रा हवा होता. ज्ञानेशला काहीच नको होतं. लिफ्टमधल्या कुत्र्यांवरून सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज महायुद्ध चालायचं आणि त्यात उडी घ्यायची त्याची अजिबात तयारी नव्हती. मांजर म्हणजे सोफ्यावर केस, पोपट म्हणजे कलकलाट, मासे म्हणजे पाणी बदलत बसा. बापलेकीच्या वाटाघाटी दिवाळीपासून होळीपर्यंत चालल्या आणि शेवटी डोंगर पोखरून जे निघायचं तेच निघालं. चिंचवडच्या एका दुकानातून एक हॅमस्टर घरी आला. मुठीएवढा, पिवळसर, शेपूट नावापुरती. सृष्टीनं त्याचं नाव गुंडू ठेवलं.

पुनावळ्याच्या त्या नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ज्ञानेशची आई ठकुबाईही राहायची. वडील गेल्यावर ज्ञानेशनंच तिला चाकणच्या पुढल्या गावाहून इकडे आणलं होतं. तिनं पिंजऱ्यात डोकावलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

"आरं, आमी जन्मभर उंदरं मारली. कणगीला भोकं पाडली म्हणून काठ्या घेऊन मागं पळालो. आन् तू इकत आणलास?"

"आजी, तो उंदीर नाहीये. हॅमस्टर आहे," सृष्टी म्हणाली.

"व्हय का? मग ह्ये त्येला म्हाईत हाय का?"

ज्ञानेश चाकणच्या एका कंपनीत फाइव्ह एसचा प्रमुख होता. फाइव्ह एस म्हणजे जपान्यांनी शोधून काढलेली दिवाळीची साफसफाई. फरक एवढाच की ती वर्षभर चालते आणि शेवटी फराळ मिळत नाही. नको ते काढायचं, उरलेलं जागेवर लावायचं, पुसायचं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. जी वस्तू वापरात नाही तिला लाल चिठ्ठी लागते. ठरलेल्या मुदतीत कुणी तिची बाजू घेतली नाही, तर ती भंगारात जाते. ज्ञानेश कारखान्यात फिरताना दिसला की लोक टेबलावरचं सगळं ड्रॉवरमध्ये ढकलून मोकळे व्हायचे. याला तो शिस्त म्हणायचा.

असल्या माणसाच्या घरात जिवंत प्राणी आला म्हणजे काय होणार? प्राण्याला शिस्त लागणार. गुंडूची कायमची थर्ड शिफ्ट. रात्रभर चाकावर पळायचं आणि उजाडलं की कागदाच्या कपट्यांत डोकं खुपसून झोपायचं. त्याच्या झोपेच्या वेळेलाच ज्ञानेश हातमोजे चढवून हजर व्हायचा. कपटे बाहेर, चाक बाहेर, झोपायचं लाकडी खोपटं बाहेर, आणि शेवटी डोळे चोळणारा गुंडूही बाहेर, बादलीत. मग पिंजरा धुऊन, पुसून चकाचक. खोपट्याच्या कोपऱ्यात रोज सूर्यफुलाच्या बिया, शेंगदाणे, मक्याचे दाणे असा छोटासा ढीग सापडायचा. त्याला ज्ञानेश 'अतिरिक्त साठा' म्हणायचा आणि सरळ कचऱ्यात टाकायचा.

"पप्पा, सगळं एकदम नाही धुवायचं. त्याचा वास जातो, मग त्याला ते आपलं घर वाटत नाही," सृष्टीनं व्हिडिओ बघून सांगितलं. "ओला गाजराचा तुकडा काढायचा फक्त. त्याचं जमवलेलं तसंच ठेवायचं."

"बेटा, व्हिडिओ करणाऱ्यांचं ऑडिट होत नाही."

ऑडिटमध्ये पिंजरा पैकीच्या पैकी पास झाला असता. गुंडू मात्र नापास होत चालला. तो गज चावत बसू लागला. पाठीवरचे केस एका जागी विरळ झाले. सृष्टीनं प्रेमानं बी पुढे केली, तर त्यानं बी सोडून बोटालाच दात लावले. पोरगी रडली नाही, पण त्या दिवसापासून तिनं पिंजऱ्यात हात घातला नाही.

त्याच सुमारास ज्ञानेशची नजर किचनमधल्या खालच्या खणाकडे वळली होती. तिथे ठकुबाईचं साम्राज्य होतं. दह्याचे रिकामे डबे, घडी घालून ठेवलेल्या पिशव्या, सुतळीचे गुंडे, भोक पडलेली चाळण, आणि फडक्यात गाठी मारून ठेवलेलं भोपळ्याचं, घेवड्याचं, दोडक्याचं बी. नवव्या मजल्यावर ही बाई दोडका कुठे लावणार होती, देव जाणे. ज्ञानेशनं सगळ्याला लाल चिठ्ठ्या लावल्या. कुणी बाजू घेतली नाही, कारण हर्षाली, म्हणजे त्याची बायको, ऑफिसात आणि सृष्टी शाळेत होती, आणि ठकुबाईचं मत विचारायचं असतं हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. सगळं खाली कचऱ्याच्या खोलीत गेलं. ठकुबाई चपला घालून खाली फेरी मारायला गेली.

शनिवारी जेवताना सृष्टी म्हणाली, "पप्पा, गुंडूला परत दुकानात देऊ या."

"का गं? एवढ्या हौसेनं आणलास ना?"

"त्याला आपल्याकडे नाही आवडत."

ठकुबाईनं भाताचा घास गिळला. "मंग उद्याच्याला मलाबी गाडीत घ्या. त्येला चिंचवडात सोडा आन् मला फुडं गावाकडं."

जेवणं झाल्यावर तिची रेक्झिनची बॅग दाराशी येऊन बसलीसुद्धा. चांगली टम्म फुगलेली. हर्षालीनं बॅगेकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "अभिनंदन," ती म्हणाली. "आता तुला चिठ्ठ्या लावायचेही कष्ट नाहीत. माणसं आपल्या हातानं लावून घेतायत."

ज्ञानेशला ते फार लागलं. घर नीट असलं की घरातली माणसं सुखात राहतात, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. आता घर नीट होतं, आणि त्यातले दोन जीव सामान बांधून निघाले होते. वडील गेल्यावर आईला इथे आणताना त्यानं भावकीसमोर छाती पुढे काढून सांगितलं होतं, की म्हातारीला काही कमी पडू देणार नाही. आता गावात काय तोंड दाखवायचं? आणि गाव गेलं उडत. उद्या संध्याकाळी घरी आल्यावर ती दिसणार नाही, याचं काय करायचं?

रविवारी सकाळी त्यानं शेवटच्या वेळी हातमोजे चढवले. दुकानात घाण पिंजरा परत द्यायचा म्हणजे अब्रूचा प्रश्न. त्यानं कपटे काढले आणि खोपटं उचललं. खाली रात्रीत जमवलेला ढीग होता आणि ढिगावर गुंडू उभा होता. ज्ञानेशच्या हातातलं फडकं बघितलं मात्र, त्यानं जे काही होतं ते तोंडात कोंबायला सुरुवात केली. बिया, शेंगदाणा, मक्याचा दाणा, आणखी एक शेंगदाणा. गाल फुगत फुगत खांद्यापर्यंत गेले. तोंडाचं पार गाडगं झालं, तरी तो थांबेना. शेवटचा दाणा आत जाईना, म्हणून तो पुढच्या दोन्ही पायांत धरून, थरथरत, ज्ञानेशकडे बघत राहिला.

ज्ञानेशला आधी हसू फुटलं. मग ते अर्ध्यातच राहिलं, कारण हे त्यानं पाहिलेलं होतं. खण रिकामा करायला तो काळी पिशवी घेऊन आला, तेव्हा ठकुबाईनं घाईघाईनं बियांच्या गाठी ओच्यात भरल्या होत्या. एक खाली पडली, ती उचलायला वाकली तर दुसरी पडली. आणि त्यानं, "आई, काय लहान मुलासारखं करतेस?" असं म्हणून तिच्या ओच्यातून एकेक गाठ काढून घेतली होती. सख्ख्या आईच्या. हसत हसत.

त्याला स्वतःची लाज वाटली. त्यानं खोपटं होतं तसं ठेवलं, कपटे आत टाकले आणि पिंजऱ्याचं दार लावलं.

हॉलमध्ये ठकुबाई चपला घालून, बॅगेला खेटून बसली होती. सृष्टी तिच्याशेजारी.

"आई, जाऊ नकोस," ज्ञानेश म्हणाला. पुढचं तो ठरवून आला होता, पण आवाज भलतीकडेच गेला. "चुकलो मी. तुझ्या वस्तूंना हात लावायला नको होता. तो खण तुझा. काय भरायचं ते भर, मी उघडूनही बघणार नाही. बाल्कनीत दोडका लाव, भोपळा लाव, पार खालच्यांच्या गॅलरीत गेला तरी चालेल. पण जाऊ नकोस." बोलता बोलता तो चक्क रडायला लागला. "आणि गुंडू पण नाही जाणार. मी पिंजरा नाही धुणार रोज."

"खरंच?" सृष्टी उठून पिंजऱ्याकडे पळाली.

ठकुबाईनं बॅगेची चेन उघडली. आत दह्याचे डबे, पिशव्या, सुतळी, चाळण आणि बियांच्या गाठी. झाडून सगळं.

"तवाच जाऊन कचऱ्याच्या खोलीतनं उचलून आणलं व्हतं," ती म्हणाली. "खाटंखाली ठिवलं व्हतं."

हर्षालीनं वाकून पाहिलं. "आई, यात साडी एकही नाही."

"साड्या कशापायी? साड्या कपाटात हायेत. ह्ये गावाकडं ठिवून सोमवारच्याला माघारी येनार व्हते मी. हितं ह्याच्या हाताला लागलं असतं." मग ती ज्ञानेशकडे वळली. "तुला काय वाटलं, चार डबड्यांपायी मी नातीला टाकून जाईन? आन् डोळं पूस आदी. बाप्या मानूस, आन् दोडक्यावरनं रडतंय."

ज्ञानेशनं हातमोज्यानंच डोळे पुसले.

"पर खण दिलास त्यो दिलास," ती चपला काढत म्हणाली. "आन् त्येला कुलूप बशीव."

तो त्याच पावली खाली उतरून हार्डवेअरच्या दुकानातून कुलूप घेऊन आला. कुलपाला दोन चाव्या होत्या. एक त्यानं आईच्या हातावर ठेवली. ठकुबाईनं हात तसाच पुढे धरून ठेवला, दुसरी येईपर्यंत.