हा हात टांगण्यासाठी नाही

मित्रांनो, मला जुनी म्हणा, वाकडी म्हणा, रंग उडालेली म्हणा. मी ऐकून घेईन. खोटारडी म्हणाल तर मात्र ऐकणार नाही.

मी एक पाटी आहे. डोंगरातल्या तळ्याकडे जाणाऱ्या पायवाटेला जिथे दोन फाटे फुटतात, तिथे उभी आहे. वरची वाट चढत तळ्याला जाते. खालची उतरत दलदलीत जाते आणि तिथेच संपते. खांबाला एकच फळी, तोच माझा हात. टोक बाणासारखं आणि अंगावर कोरलेलं ‘तळे’. सुताराने फळी एकाच बोल्टवर आवळली. म्हणाला, एवढा पुरे, हिला काय कुणाला उचलून घ्यायचंय? बिचाऱ्याला माणसांची ओळख नव्हती.

मला आहे. नवरे मला वाचत नाहीत. बायकोने वाचून दाखवलं की म्हणतात, मी तेच म्हणत होतो. गळ घेऊन गेलेले परतताना माशाची लांबी दाखवतात, मासा दाखवत नाहीत. धुक्याच्या दिवसांत मात्र सगळेच मला हात लावून ‘सापडली एकदाची’ म्हणायचे. पुढे फोन आले आणि लोक हातातल्या काचेत बघत माझ्यावर आदळू लागले.

इथली एक रीत आहे. तळ्यावरून उतरणारे आपली काठी दोरीच्या फासाने माझ्या हाताला अडकवून जातात, वर जाणाऱ्याच्या उपयोगी पडावी म्हणून. ही रीत वाट राखणाऱ्या काकांनीच पाडली. भला माणूस. पण काठ्यांमागून टोप्या आल्या, ओले टॉवेल आले, कुणाच्या तंबूची विसरलेली पिशवी आली. पुण्य त्यांचं, ओझं माझं. बोल्ट सैल झाला आणि माझा हात हळूहळू खालच्या वाटेकडे झुकत गेला. कुणी बघितलं? कुणीच नाही. काठी अडकवणारा माणूस स्वतःच्या चांगुलपणाकडे बघत असतो.

मग एक कुटुंब आलं. मुलगा तंबू घेऊन पुढे तळ्यावर गेलेला, सासूबाई आणि सूनबाई मागून. सूनबाईला वरची वाट बरोबर वाटत होती. सासूबाईंनी माझ्याकडे बोट केलं. ‘पाटीपेक्षा तुला जास्त कळतं का?’ आणि दोघी खालच्या वाटेने गेल्या.

दलदलीत सासूबाई कमरेपर्यंत रुतल्या. सुनेने स्वतःची ओढणी फेकून त्यांना धरून ठेवलं. हाका ऐकून मुलगा धावत आला, तेव्हा कुठे त्या निघाल्या. एक बूट आत राहिला तो राहिलाच.

दुसऱ्या दिवशी ती तिघं तळ्यावरून उतरली, तेव्हा काका खालून करवत घेऊनच आले. मुलाने फोनवर केलेली तक्रार पोचली होती.

‘तोडा हिला,’ सासूबाई म्हणाल्या. ‘ही माणसं मारेल.’ आणि बोलता बोलता त्यांनी आपले ओले मोजे माझ्या हातावर वाळत घातले.

काका मान खाली घालून म्हणाले, ताई, तोडायलाच आलोय. मग नेहमीच्या सवयीने त्यांनी जॅकेट काढलं आणि तेही माझ्याच हातावर टांगलं.

मी करकरले. सगळ्यांदेखत माझं टोक आणखी खाली गेलं.

करवत लाकडाला टेकली होती. सूनबाईने काकांचा हात धरला. ‘काका, थांबा. तुमचं जॅकेट काढा बघू.’

काकांनी जॅकेट बघितलं, काठ्यांची जुडी बघितली, मग दलदलीची वाट बघितली. आधी सासूबाईंनीच मोजे काढून घेतले.

‘रात्रभर मी हिलाच शिव्या घालत होते,’ त्या पुटपुटल्या.

‘मलाही घालत होतात,’ सून म्हणाली.

‘तुला जरा कमी घातल्या.’

मुलगा हसायला लागला, मग आईच्या पायातला एकच बूट बघून थांबला. काकांनी जॅकेट अंगात घातलं, बाकीचं सामान उतरवलं आणि सगळ्या काठ्या खडकाला टेकवल्या. माझा हात वर उचलला, बोल्ट आवळला. त्याच करवतीने पडलेल्या झाडाची एक जाड फांदी कापली आणि माझ्या हाताखाली टेकू म्हणून ठोकली.

मित्रांनो, गोष्ट इथे गोड संपली असं समजू नका. त्याच दुपारी एक घोळका उतरला आणि त्यातल्या एकाने खडकाजवळून जाऊन टोपी माझ्याच हातावर अडकवली. सवय ती सवय. म्हणून स्पष्ट सांगते. पुढच्यासाठी काठी ठेवायची असेल तर जरूर ठेवा, माझ्या पायाशी ठेवा. हात मोकळा सोडा. वाट दाखवणाऱ्याच्या हाताला आपलं ओझं टांगायचं, आणि वाट चुकली की त्यालाच करवत लावायची, हा हिशेब मला मान्य नाही. कधीच नव्हता.

टोपी अजून लटकते आहे. हात वरच आहे. तळंही वरच आहे.