मांजर होती, सावली झाली

रेकॉर्डिस्टदादांनी कानांवरचे हेडफोन काढले आणि मान खाजवत म्हणाले, "ताई, गाणं गोड आहे हो. पण हे आधीच कुणीतरी टाकलंय."

त्यांनी मोबाइल पुढे केला. पडद्यावर एक बाई माझी अंगाई गात होती. शब्द माझे, चाल माझी. खाली लिहिलं होतं, 'पारंपरिक'. बाई अनोळखी असती तर एक वेळ भांडताही आलं असतं. ती निघाली आमच्या पाळणाघरातल्या जुळ्यांची आई!

त्याचं असं झालं होतं. माझी लेक भुंगी दुपारची झोपायची नाही, म्हणून मी गाणं रचलं: 'सावली गं सावली, आत ये ना, भुंगीच्या पापणीवर बस ये ना.' मी कामावर असताना तिला झोपवता यावं म्हणून पाळणाघराच्या मावशींना मीच ते शिकवलं. मावशींनी गाण्यात 'भुंगी'च्या जागी 'बाळा'ला बसवलं आणि अख्खं पाळणाघर त्यावर झोपवायला सुरुवात केली. तिथून ते घरोघरी गेलं.

मी स्टुडिओच्या जिन्यातूनच जुळ्यांच्या आईला फोन लावला. तोंडात कडक वाक्यं तयार होती. ती म्हणाली, "अय्या, तुझं आहे? मला वाटलं, मावशींच्या आजीच्या वेळचं असेल! अगं, एवढं छान गाणं आपल्यातली कुणी करेल, असं डोक्यातच आलं नाही." आता यावर रागवायचं की लाजायचं?

तिने लगेच खालचा मजकूर बदलला. पण एका कंपनीने जुन्या अंगाईगीतांच्या संग्रहासाठी तिच्याकडून गाणं आधीच घेतलं होतं. तिने बिचारीने माझ्यासाठी त्यांना विनवलं. उत्तर आलं, 'नुसत्या सांगण्यावर बदल करता येणार नाही. गाणं त्यांनीच रचलं, हे दाखवणारं तारखेसह काहीतरी पाठवा.' संग्रह लवकरच बाहेर पडणार होता. एकदा तो बाहेर पडला की माझं गाणं सगळ्यांचं, म्हणजे कुणाचंच नाही.

घरी येऊन मी फोन उलटापालटा केला. गाणं जुळवताना केलेली रेकॉर्डिंग्ज मीच पुसली होती, भुंगीच्या फोटोंना जागा हवी म्हणून. नवरा खांद्यावरून डोकावला. "झोपलेली भुंगी, डावीकडून. झोपलेली भुंगी, उजवीकडून. आणि जिच्यामुळे झोपली, ती अंगाई गायब. धन्य आहे!"

मी हसले नाही, तेव्हा तो गुपचूप भांडी घासायला गेला.

तेवढ्यात सासूबाईंचा फोन आला. त्या लांब राहतात. डोळ्यांमुळे त्यांना फोटो धड दिसत नाहीत, म्हणून मी रोज भुंगीचा आवाज पाठवते.

"आज आवाज नाही आला तो? बरी आहे ना पोरगी?"

"ती बरी आहे, आई. मीच..." आणि मला रडूच फुटलं. सगळं सांगून टाकलं.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "कुठलं गं? ते मांजरीचं?"

"मांजरीचं नाही, सावलीचं."

"आधी मांजरच होती. भुंगी खिदळायला लागली म्हणून तू हाकललीस तिला."

मी फोन घट्ट धरला. "तुमच्याकडे... आहे ते?"

"असणारच. नातीचा आवाज कुणी पुसतं का?"

थोड्या वेळात त्यांनी सगळी रेकॉर्डिंग्ज पाठवली. माझा बसलेला आवाज: 'मांजरी गं मांजरी, आत ये ना.' त्यावर भुंगीचं खदखदून हसणं. मग मी रडकुंडीला येऊन, "अगं बाई, झोपायचंय आपल्याला!" दुसऱ्या दिवशी मांजरीच्या जागी वारा. तोही जमेना. मग एका दुपारी सावली आली, चाल जरा खाली उतरली, आणि शेवटी भुंगीचा संथ श्वास. प्रत्येकावर तारीख होती.

"खोटं कशाला बोलू," सासूबाई म्हणाल्या, "गाण्याकडे माझं लक्षच नव्हतं. मी तिला ऐकत होते."

दुसऱ्या दिवशी स्टुडिओत ते सगळं ऐकून रेकॉर्डिस्टदादा हसून हसून खुर्चीत मागे कलले. "गाणं चोरणारा ही मांजर कुठून आणणार! पाठवू या." त्यांनी ते कंपनीला पाठवलं आणि मला दम भरला, "शब्द आणि चाल, दोन्हींची नोंदणी करून टाका. आणि पुढचं गाणं आधी नोंदवायचं, मग पाळणाघरात न्यायचं. मावशींचा काही भरवसा नाही."

कंपनीचं उत्तर आलं तेव्हा मी कपडे वाळत घालत होते. 'पारंपरिक' काढलं होतं. शब्द आणि चाल यांपुढे माझं नाव होतं. माझी परवानगी असेल तर गाणं संग्रहात ठेवायचं का, असं विचारलं होतं. मी होकार दिला. आवाज जुळ्यांच्या आईचाच राहू द्या म्हटलं, तिचा गळा माझ्यापेक्षा चांगला आहे. पाळणाघरात मावशींनी हे ऐकलं आणि "म्हणजे मी गाणं गाजवलं!" म्हणून छाती पुढे काढली. खरंच होतं ते.

मी सासूबाईंना फोन केला. "आई, तुमच्यामुळे गाणं वाचलं."

"ते झालं. आजचा आवाज कुठाय?"

मी भुंगीशेजारी आडवी झाले, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि मुद्दाम मांजरीपासून सुरुवात केली. ती अशी हसली की झोप गेली उडून. जाऊ दे म्हटलं, आणि तो आवाज पाठवून दिला.