पेटीवरचं मत

मतदान घ्या, असं मीच म्हणालो. दुसरं काय म्हणणार? महिनाभर मुलगा आणि सून इंग्रजीत कुजबुजत होते आणि मी खोलीत आलो की गप्प होत होते. इंग्रजी मला येत नाही, पण आपल्याबद्दल चाललंय हे कळायला भाषा लागत नाही.

मुलाला, विजयकुमारला, इथंच आखातात पण दूर, रास अल खैमाला सिरॅमिकच्या कारखान्यात नवी नोकरी लागली होती. मोहम्मद बिन झायद सिटीतला हा मोठा फ्लॅट सोडायचा, कंपनीच्या लहान घरात जायचं, आणि मग आबांचं काय, असा प्रश्न होता. पुण्यात एक चांगला वृद्धाश्रम आहे म्हणे. माझं मत कुणी विचारलं नव्हतं. तसं इथं आल्यापासून मला कुणी काहीच विचारलेलं नाही. दिवसभर घरात मी आणि एसी, त्यातला एसीच जास्त बोलतो.

"आबा, सगळे मिळून डिसाइड करू," शेवटी विजय जेवताना म्हणाला.

"मग मतदान घ्या. सत्तावन्न सालासारखं."

"मत?" माझ्या नातीनं, शुभ्रानं, ताटातून मान वर केली. "मत मीन्स डोन्ट, राइट?" तिचं हिंदी शाळेतलं.

"ते हिंदीत. आपल्यात मत म्हणजे व्होट."

सत्तावन्नच्या निवडणुकीत मी आमच्या कराडकडच्या गावात संयुक्त महाराष्ट्र समितीच्या उमेदवाराचा पोलिंग एजंट होतो. तेव्हा शिक्का मारायची भानगड नव्हती. पडद्याआड प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, तिच्यावर त्याची निशाणी. आपला कागद हव्या त्या पेटीत टाकायचा. आमची सायकल, काँग्रेसची बैलजोडी. माझे सासरे कट्टर बैलजोडीवाले, त्यामुळे त्यांच्याशी माझं बोलणं बंद. माझी बायको तानू पडद्याआड गेली आणि तिनं कागद कुठल्याच पेटीत टाकला नाही. दोन पेट्यांवर आडवा ठेवला, देवाला जोडावेत तसे हात जोडले आणि बाहेर आली. मत बाद झालं. "एकीकडं बाप, एकीकडं तुम्ही. कुणाला टाकू?" म्हणाली. ती असेपर्यंत मी तिला यावरून चिडवत होतो.

रविवारी दुपारी माझ्याच खोलीत टेबलावर पेट्या मांडल्या. निशाण्या शुभ्रानं काढल्या. खजुराच्या डब्यावर झाड, म्हणजे आबा राहणार. बुटांच्या खोक्यावर विमान, म्हणजे आबा जाणार. एवढी हौसेनं चित्रं काढली आणि तिलाच मत नाही म्हटल्यावर फुरंगटली.

"दॅट्स सो अनफेअर!"

"एकवीस पूर्ण लागतात," मी म्हणालो. आमच्या वेळचा नियम तोच होता, आणि निवडणूकही आमच्या वेळचीच होती.

"यल्ला, चला, उरकून टाकू," म्हणत मृणालिनी आत गेली आणि चुटकीसरशी बाहेर आली. मी मनात म्हटलं, विमान. सून वाईट नाही, पण माझा खोकला, माझं पथ्य, माझ्या गोळ्या यांना ती कंटाळली असणार. कुणीही कंटाळेल. मग विजय गेला तो लवकर येईना. आला तो माझ्याकडे न बघता फोन काढून बसला.

शेवटी मी गेलो. उमेदवारालाही मत असतं. दार लावून घेतलं आणि टेबलाकडे वळलो, तर विजयचा कागद दोन्ही पेट्यांवर आडवा ठेवलेला.

तानूची गोष्ट त्यानं माझ्या तोंडून कितीदा ऐकली होती, पण ही नक्कल नव्हती. पोराला खरंच टाकवलं नव्हतं. एकीकडं बाप, एकीकडं बायको. मला राहायचं होतं हो. पुण्यात माझं कोण आहे? इथं निदान संध्याकाळी दार उघडल्याचा आवाज येतो. पण पोराला असं मधे किती दिवस ताटकळत ठेवायचं? मी त्याचा कागद उचलला आणि विमानात टाकला. पाठोपाठ माझाही टाकला. एवढ्या निवडणुका केल्या, खोटं मतदान त्या दिवशी पहिल्यांदा केलं.

बाहेर येऊन सगळ्यांसमोर मोजणी केली. विमान दोन, झाड एक.

मृणालिनी ताडकन उठली. "विजय! तू विमानात टाकलंस? तिकडे शुभ्राच्या रूममध्ये आबांचा बेड ॲडजस्ट करू, असं किती वेळा म्हटलं मी तुला!"

झाडातलं ते एक मत तिचं होतं.

विजय माझ्याकडेच बघत होता. आपला कागद कुठे ठेवला होता, हे त्याला ठाऊक होतं.

"आबा," तो हळूच म्हणाला, "तुम्हाला खरंच जायचंय?"

अखेर कुणीतरी माझं मत विचारलं होतं. 'नाही' अगदी ओठांवर आलं होतं. पण मेला तो जुना ताठा! "मत गुप्त असतं," मी म्हणालो. "निकाल लागलाय. खलास."

शुभ्रा जवळ आली आणि तिनं माझ्या सदऱ्याची बाही धरली.

"आबा, मत जाओ."

मी तिच्याकडे बघत राहिलो.

"धिस इज माय मत," ती म्हणाली. "मत जाओ."

एकवीस पूर्ण नसतील तर मत बाद. तेवढंच सांगायला मी तोंड उघडलं, आणि सगळ्यांदेखत मला रडू फुटलं.