तक्रारीचा डोळा

अठरा वर्षं दुसऱ्यांचे डोळे तपासून पोट भरणाऱ्या माणसाला स्वतःच्या डोळ्याचं दुखणं सांगायची लाज वाटावी, यात नवल ते काय! मेहुण्याच्या चष्म्याच्या दुकानात, मागच्या अंधाऱ्या खोलीत, तो गिऱ्हाइकाच्या नाकावर जड चौकट चढवायचा, भिंगं बदलत ‘आता? आणि आता?’ विचारायचा, आणि कुणी अडखळलं की मनातल्या मनात हसायचा, कारण भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता त्याला झोपेतही घडाघडा म्हणता आला असता. मेहुणा, म्हणजे बायकोचा थोरला भाऊ, त्याला चारचौघांत ‘जावईबापू’ अशी हाक मारायचा आणि त्या हाकेत मान औषधालाही नसायचा.

एका सकाळी डाव्या डोळ्यात साबण गेला म्हणून त्यानं तो मिटून घेतला आणि टॉवेल देणाऱ्या बायकोकडे नुसत्या उजव्या डोळ्यानं पाहिलं. ती त्याच्याकडे भिंतीला आलेल्या ओलीकडे बघावं तशी बघत होती. त्यानं डोळे चोळले, उजवा झाकून डावा उघडला, तर ती हसत होती, लग्नाच्या पहिल्या वर्षी हसायची तशी.

मग त्याला चाळाच लागला. जेवताना, दाराला कडी घालताना, ती केस विंचरताना तो एकेक डोळा झाकून बघायचा. उजव्याला दरवेळी तोच तिरस्कार, डाव्याला तेच हसू. उजवा डोळा बिघडलाय, हे त्यानं ठरवूनच टाकलं. तो आजारी निघावा एवढंच त्याला हवं होतं, कारण मग बायको त्याची होती आणि घरही त्याचं होतं.

स्वतःच्या डोळ्यांच्या तपासणीचं कार्ड त्यानं स्वतःच भरलं. उजव्यापुढे तक्रार लिहिली. डाव्यानं दुकानातला तक्ता वरपासून खालपर्यंत न अडखळता वाचला, म्हणून डाव्यापुढे ‘उत्तम’ लिहून सही ठोकली. ते कार्ड बघून दोन डॉक्टरांनी फक्त उजवाच तपासला, थेंब घातले, दाब मोजला आणि डोळा ठणठणीत असल्याचं सांगितलं. दोघेही बिनकामाचे, असं तो मेहुण्याला म्हणाला. मेहुणा पोट धरून हसला.

“एक डोळा झाकून बघू नका माझ्याकडे,” बायको एकदा म्हणाली. “किळस येते मला.”

त्या वेळी त्याचा हात उजव्या डोळ्यावर होता. शब्द स्पष्ट ऐकू आले, पण समोर ती ओठही न हलवता हसत होती.

तिसऱ्या डॉक्टर एक वयस्कर बाई होत्या. थेंब घातल्यावर एकट्याला घरी येता येणार नाही म्हणून बायको सोबत आली होती, कपाळाला आठ्या घालून. बाईंनी कार्ड न बघताच बाजूला ठेवलं, झाकणी त्याच्या हातात देऊन उजवा डोळा झाकायला लावला आणि समोरचं वाचायला सांगितलं. त्यानं सगळ्या ओळी एका दमात म्हणून दाखवल्या.

बाई हलकेच म्हणाल्या, “तक्ता अजून लावलेलाच नाही मी.”

त्यांनी त्याच्या डाव्या डोळ्यावर बॅटरी धरली, हलवली, परत धरली. त्याला बॅटरी पेटल्याचं कळलंही नाही.

“या डोळ्याला उजेडसुद्धा कळत नाही. बाहुली जरासुद्धा आकसत नाही. किती वर्षं झाली?”

“आणि उजवा?” त्यानं विचारलं.

“उजव्याला काहीही झालेलं नाही. त्याला दिसतं ते बरोबर दिसतं.”

त्यानं मान वळवली. झाकणी अजून उजव्या डोळ्यावरच होती. कोपऱ्यातल्या खुर्चीत बायको मांडीवर हात ठेवून बसली होती आणि त्याच्याकडे बघून मायेनं हसत होती. त्याला भरून आलं.

“झालं असेल तर चला,” पाठीमागून, दारातून, बायकोचा आवाज आला. “किती वेळ उभं राहायचं मी इथं?”

खुर्चीतली हसतच राहिली. त्यानं झाकणी आणखी घट्ट दाबून धरली.