चारच कोर

विजयश्री माझ्या बहिणीची लेक, कोहिनूर गावची. गुलबर्ग्यात माझ्याकडं राहून चिपचं डिझाइन शिकली. त्या दिवशी बंगळूरच्या एका कंपनीला पाचच्या आत डिझाइनची तयार फाइल पाठवायची होती. पोचली तर मुलाखत, न्हाईतर विषय संपला. आणि ऐन जेवायच्या वेळेला तिला स्वतःची चूक सापडली. दुरुस्ती किरकोळ, पण सगळं पुन्हा कम्पाइल करायचं, म्हणजे लिहिलेल्या डिझाइनची लॅपटॉपकडून नव्यानं जुळणी करून घ्यायची. सकाळी त्यालाच चार तास लागले होते.

"आता आठीच्या आठी कोर लावलेत, मावशी. सकाळी एकटाच राबायला होता."

कोर म्हणजे लॅपटॉपच्या पोटातले कामकरी, एवढं मला कळतं. माझा कडक भाकरीचा धंदा. एक बाई आणि आठ बाया यातला फरक मला कुणी शिकवायला नको. मी निवांत भाकऱ्या बांधायला बसले.

बऱ्याच वेळानं बघते तर पडद्यावरचा, किती काम झालं ते दाखवणारा टक्का जागचा हलेना. पंखा नुसता घरघरायलाय.

"थांबलं का गं?"

"थांबलं न्हाई. रेंगाळायलंय." तिचा आवाज बारीक झाला होता.

भाकरी थापणारी शरणम्मा चुलीपासनं म्हणाली, "अक्का, दिष्ट काढू का त्याची?"

"आधी तव्यावरची जळायली ती काढ!"

विजयश्रीनं मेमरी तपासली. काठोकाठ भरलेली. आठी जणांना पसारा मांडायला जागा पाहिजे, तेवढी जागाच नव्हती. एकाचं सामान उचलून ठेवायचं, दुसऱ्याचं आणायचं, यातच वेळ चालला होता.

"बंद करते. चारच लावून पुन्हा सुरू करते."

आमच्यात पीठ सरेस्तोवर चढवलेला तवा उतरवत न्हाईत, बरकत जाते म्हणतात.

"कामून बंद करायलीस? निम्मं तरी झालंय की!"

"निम्म्याचं काय करू, मावशी?"

"आणि चारनं व्हईल कशावरून?"

"म्हाईत न्हाई."

मी तिचा हात धरला. खरोखरीच धरला. मावशीचा मान म्हणून पोरीनं तो सोडवून घेतला न्हाई. टक्का तिथंच, घड्याळ मात्र पुढं. शेवटी माझाच हात ढिला पडला.

"कर बाई, कर."

चार कोरांनी टक्का सरकायला लागला. तिकडं बघत बांधताना माझ्या हातनं चांगल्या भाकऱ्या मोडल्या. फाइल झाली तेव्हा पाच वाजून गेले होते. थोडेच, पण गेले होते.

"उशिराचं कारण काय लिहू?"

"मावशीनं हात धरला म्हणून लिही."

ती हसली न्हाई. लिहिलं ते वाचून दाखवलं: "आठ कोर लावले, मेमरीचा अंदाज माझा चुकला, चारवर आणून पुरं केलं." माझं नाव कुठंच न्हाई. पाठवलं.

मग दोघी फोनकडं बघत बसलो. दिवेलागणीच्या आधी तो वाजला, बंगळूरचाच. विजयश्री उभी राहून बोलायला लागली. त्या इंग्रजीतलं मला 'एट' आणि 'फोर' तेवढं कळलं. तिकडचा माणूस विचारतच होता, ती सांगतच होती. न्हाई म्हणायचं असलं की माणूस एवढं विचारत बसत न्हाई, असं मी शरणम्माला हळूच म्हणाले, आणि ओठावर बोट ठेवून तिला गप केलं.